चांदीच्या नाण्यावरचे गुरुजी : जान आमोस कोमेनिअस



डी.एड. किंवा बी.एड. करताना कोमेनिअस हे नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. सोप्याकडून अवघडाकडे जावं, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं, मुलाला आधी वस्तू दाखवावी आणि मग शब्द सांगावा, ही सूत्रं पाठ करताना त्यांचं नाव हमखास यायचं. परीक्षेत दोन-चार गुणांची टीप लिहिली की आपला आणि त्यांचा संबंध तिथेच संपायचा. या माणसाचं आयुष्य कसं गेलं, हे मात्र आपल्याला कोणी फारसं सांगत नाही.

आज ते आयुष्य सांगायचं आहे आणि त्यासाठी एक नाणं हाताशी घ्यायचं आहे. १९५७ साली चेकोस्लोव्हाकिया देशाने कोमेनिअस यांचं दहा कोरुनांचं स्मारक नाणं काढलं. कोरुना म्हणजे तिथलं चलन. नाण्याचं वजन १२ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी. त्या वेळी तिथे कम्युनिस्ट पक्षाची सत्ता होती. धर्म ही गोष्ट हळूहळू नाहीशी व्हायला हवी, असं मानणारं ते सरकार होतं. आणि कोमेनिअस कोण होते? ते एका ख्रिस्ती पंथाचे बिशप होते, म्हणजे धर्मगुरू. धर्मासाठी त्यांनी घर सोडलं, देश सोडला आणि परदेशातच देह ठेवला.

मग अशा सरकारने अशा माणसाचं नाणं का काढलं? याचं उत्तर शोधायचं तर आधी त्यांचं आयुष्य बघावं लागेल.

बालपण : आई-वडिलांविना

जान आमोस कोमेनिअस यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हिया प्रांतात झाला. हा भाग आज चेक प्रजासत्ताकाच्या पूर्वेला आहे. चेक भाषेत त्यांचं आडनाव कोमेन्स्की. लॅटिन ही त्या काळच्या विद्वानांची भाषा, म्हणून लॅटिन वळणाचं कोमेनिअस हे नाव जगभर रूढ झालं.

घर बंधुसंघ नावाच्या छोट्या पंथातलं होतं. या पंथाची थोडी ओळख करून घेऊ, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथे आहे. यान हुस नावाचे चेक धर्मोपदेशक चर्चमधल्या गैरप्रकारांविरुद्ध बोलले, म्हणून १४१५ मध्ये त्यांना जिवंत जाळण्यात आलं. त्यांच्या विचारांच्या वाटेवरून चालत काही साध्या माणसांनी १४५७ मध्ये बंधुसंघ स्थापन केला. साधं राहणं, एकमेकांना धरून राहणं आणि आपल्या मातृभाषेत धर्मग्रंथ वाचणं, ही या लोकांची ओळख होती. वाचायचं म्हटलं की वाचता यायला हवं. त्यामुळे शाळेला या पंथात पहिल्यापासून महत्त्व होतं.

जान दहा वर्षांचा असताना वडील गेले. दोन वर्षांनी आई गेली. बहिणीही वारल्या. पोरक्या मुलाला स्त्राझ्नीत्से गावातल्या आत्याकडे पाठवलं. तिथली शाळा जेमतेम सुरू झाली, तोच १६०५ मध्ये लढाईत ते गाव उद्ध्वस्त झालं. मुलाचं शिकणं थांबलं.

पुढे सोळाव्या वर्षी प्रेरोव्ह इथल्या लॅटिन शाळेत त्याला बसवलं. सोळा वर्षांचा मुलगा, आजूबाजूला त्याच्यापेक्षा लहान पोरं, आणि शिकवण्याची पद्धत म्हणजे न समजलेलं व्याकरण छडीच्या धाकाने पाठ करणं. आपल्यापैकी ज्यांनी शाळाबाह्य मुलांना वयानुरूप वर्गात दाखल करून घेतलं आहे, त्यांना या मुलाची स्थिती लगेच कळेल. त्याला एक फायदा मात्र झाला. लहान मुलांना जे नुसतं सोसावं लागतं, ते त्याला दिसत होतं, कारण तो मोठा होता. शाळा अशी का आहे, हा प्रश्न त्याच्या मनात त्याच बाकावर पडला आणि आयुष्यभर राहिला.

हुशारी बघून बंधुसंघाने त्याला उच्च शिक्षणासाठी जर्मनीतल्या हेर्बोर्न आणि हायडेलबर्ग इथे पाठवलं. १६१४ च्या जानेवारीत हायडेलबर्गमध्ये कोमेनिअस यांनी एक हस्तलिखित विकत घेतलं. ते होतं कोपर्निकसने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या जगप्रसिद्ध ग्रंथाचं. पुस्तकांची ही ओढ लक्षात ठेवा. पुढे याच माणसाची पुस्तकं दोनदा जळणार आहेत.

दोन वर्षांत सगळं गेलं

परत येऊन ते शिक्षक झाले, १६१६ मध्ये धर्मोपदेशक झाले. १६१८ मध्ये लग्न झालं आणि फुल्नेक गावात चर्च आणि शाळा अशा दोन्ही जबाबदाऱ्या मिळाल्या. रविवारी प्रवचन, बाकीचे दिवस शाळा. हे दिवस सुखाचे होते. ते तीनच वर्षं टिकले.

त्याच १६१८ मध्ये युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळ व्हाइट माउंटन इथे चेक प्रोटेस्टंट सरदारांचा पराभव झाला. पुढच्या जूनमध्ये त्यांच्या सत्तावीस पुढाऱ्यांना प्रागच्या चौकात देहदंड दिला गेला. सम्राटाच्या राज्यात आता कॅथलिक पंथाखेरीज दुसऱ्या पंथाला जागा उरणार नव्हती. फुल्नेकवर सैन्य आलं, तेव्हा कोमेनिअस यांना घर सोडून लपावं लागलं. १६२२ मध्ये प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी माग्दालेना आणि दोन्ही लेकरं गेली. १६२३ मध्ये फुल्नेकच्या चौकात त्यांची पुस्तकं जाळली गेली.

वय एकतीस. बायको नाही, मुलं नाहीत, घर नाही, पुस्तकं नाहीत.

या काळात त्यांनी चेक भाषेत जगाचा चक्रव्यूह आणि हृदयातला स्वर्ग अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. एक प्रवासी जगाच्या शहरात फिरतो, प्रत्येक व्यवसायातला खोटेपणा बघतो, थकतो, आणि शेवटी स्वतःच्या अंतःकरणात परततो. तिथे त्याला देव भेटतो. चेक साहित्यातलं हे अभिजात पुस्तक मानलं जातं. ते लिहिणारा माणूस तेव्हा एका सरदाराच्या जहागिरीत जीव मुठीत धरून राहत होता.

पुढे त्यांनी दुसरं लग्न केलं. पण धर्म बदला नाहीतर देश सोडा, हा हुकूम आला तेव्हा त्यांनी देश सोडायचं ठरवलं. १६२८ च्या फेब्रुवारीत, भर थंडीत, ते कुटुंबासह आणि पंथबांधवांसह डोंगर ओलांडून पोलंडमधल्या लेश्नो गावी गेले. परत मायदेशी राहायला येणं त्यांच्या नशिबात नव्हतं.

निर्वासित वस्तीतला मोठा विचार

आता इथे जरा थांबून बघा. लेश्नोत आलेले लोक निर्वासित होते. उद्या काय होणार याचा भरवसा नव्हता. अशा ठिकाणी बसून हा माणूस कशाचा विचार करत होता? तर आपण घरी परत गेल्यावर देशातल्या शाळा कशा असाव्यात, याचा.

त्यातून त्यांचा महान अध्यापनशास्त्र हा ग्रंथ तयार झाला. तो त्यांनी आधी चेक भाषेत लिहिला आणि नंतर लॅटिनमध्ये. आराखडा अगदी नेमका आहे. शिक्षणाचे सहा-सहा वर्षांचे चार टप्पे. पहिल्या सहा वर्षांत प्रत्येक घरात आईची शाळा. पुढची सहा वर्षं प्रत्येक गावात मातृभाषेची शाळा. नंतर प्रत्येक शहरात लॅटिन शाळा. शेवटी प्रत्येक प्रांतात विद्यापीठ. वयानुसार इयत्ता, प्रत्येक इयत्तेला तिचं पुस्तक, ठरावीक तास, मध्ये खेळायला सुट्टी. आज आपल्याला हे इतकं ओळखीचं वाटतं की यात नवं काय, असा प्रश्न पडावा. सतराव्या शतकात हे सगळं नवं होतं.

छडीबद्दलही त्यांचं मत स्पष्ट होतं. मुलाला अभ्यास येत नाही म्हणून त्याला मारू नये, दोष बहुतेक वेळा शिकवणाऱ्याच्या पद्धतीत असतो. शिस्त हवी, पण ती वागणुकीसाठी.

या ग्रंथातला सगळ्यात धाडसी मुद्दा होता, शाळा कोणासाठी? त्यांचं उत्तर होतं, सगळ्यांसाठी. गरीब आणि श्रीमंत, खेड्यातले आणि शहरातले, मुलगे आणि मुली. मंद समजली जाणारी मुलंसुद्धा, उलट त्यांना तर जास्त गरज.

का सगळ्यांसाठी? इथे त्यांच्यातला धर्मगुरू बोलतो. प्रत्येक माणूस देवाने स्वतःच्या प्रतिमेत घडवला आहे, अशी त्यांची श्रद्धा. मग एखाद्या मुलीला किंवा मजुराच्या पोराला शाळेबाहेर ठेवणारे आपण कोण? देवाने ज्याला बुद्धी दिली, त्याच्यासाठी दार बंद करणं म्हणजे देवाचाच अपमान. आपण ही श्रद्धा मानू किंवा न मानू. पण सर्वांना शिक्षण ही कल्पना त्यांच्याकडे याच वाटेने आली, हे विसरता येत नाही.

पालकांसाठी लिहिलेलं पुस्तक

पालकहो, हा भाग खास तुमच्यासाठी. लेश्नोतच त्यांनी जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांबद्दल एक छोटं पुस्तक लिहिलं. बालवाडी हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधीचं हे पुस्तक. मूल सोन्या-चांदीपेक्षा आणि हिऱ्या-मोत्यांपेक्षा मोलाचं आहे, इथून ते सुरू होतं. मुलाला खेळू द्या, धावू द्या, गोष्टी सांगा, गाणी म्हणा, पाणी, माती, झाड, पाऊस यांची नावं घरातच कळू द्या, असा त्यातला सल्ला आहे.

आणखी एक गोष्ट त्यात आहे. मुलाला शाळेची भीती घालू नका. शाळेत गेलास की मग कळेल तुला, असं म्हणून ज्या मुलाला घरी दम दिलेला असतो, ते मूल घाबरूनच शाळेत येतं. जून महिन्यात पहिलीच्या वर्गात उभं राहणाऱ्या कोणत्याही बाईंना विचारा, आजही हा सल्ला किती लागू पडतो!

नाव झालं, घर झालं नाही

१६३१ मध्ये त्यांचं लॅटिन शिकवणारं पुस्तक आलं आणि कोमेनिअस युरोपभर प्रसिद्ध झाले. सुमारे आठ हजार शब्द एक हजार वाक्यांत गुंफलेले, सोप्यापासून अवघडापर्यंत. अनेक भाषांत त्याची रूपांतरं झाली. दुसऱ्याच वर्षी बंधुसंघाने त्यांना बिशपांच्या मंडळात निवडलं.

मग बोलावणी येऊ लागली. १६४१ मध्ये ते लंडनला गेले. तिथे विद्वानांचं एक मोठं मंडळ उभं करायचं होतं, पण इंग्लंडमध्ये यादवी युद्धाची चिन्हं दिसू लागली आणि बेत बारगळला. वाटेत हॉलंडमध्ये तत्त्वज्ञ देकार्त यांची भेट झाली. नंतर स्वीडनने शालेय पुस्तकं लिहायचं काम दिलं. कोमेनिअस यांना खरं तर मोठ्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथावर काम करायचं होतं. तरी त्यांनी वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकं लिहिली. त्यामागे एक आशा होती. युद्ध संपेल तेव्हा स्वीडन आपल्या लोकांना घरी परत जाण्याचा हक्क मिळवून देईल.

१६४८ मध्ये युद्ध संपलं. तहात चेक निर्वासितांच्या वाट्याला काहीच आलं नाही. त्याच वर्षी दुसरी पत्नीही वारली. दोन वर्षांनी त्यांनी बंधुसंघाचं मृत्युपत्र लिहिलं. एक मरणासन्न आई आपल्या लेकरांना जे आहे ते वाटून देते, अशी त्याची मांडणी आहे. बिशप म्हणून आपल्याच पंथाचं मृत्युपत्र लिहायची वेळ यावी, यापेक्षा जड काम कोणतं?

चित्रांचं पुस्तक

१६५० ते १६५४ ही चार वर्षं ते हंगेरीत शारोश्पाताक इथे होते. तिथली मुलं लॅटिन शिकायला कंटाळायची. त्यांच्यासाठी कोमेनिअस यांनी नाटकं लिहिली आणि मुलांकडून ती करून घेतली. आणि एक चित्रांचं पुस्तक तयार केलं. १६५८ मध्ये ते न्यूरेंबर्गला छापलं गेलं. नाव ऑर्बिस पिक्टस, म्हणजे चित्रांतलं जग.

यात दीडशे पाठ आहेत. प्रत्येक पाठाला एक चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि खाली त्या आकड्यांप्रमाणे दोन भाषांत सोपी वाक्यं. बेकरी, सुतारकाम, बाग, पक्षी, शरीराचे अवयव, शाळा, सगळं त्यात आहे. सुरुवातीची अक्षरओळख प्राण्यांच्या आवाजातून आहे. कावळा ओरडतो त्यातून एक अक्षर, कोकरू बें करतं त्यातून दुसरं. पहिलीच्या पुस्तकातली चित्रं दाखवून आपण जेव्हा अक्षर शिकवतो, तेव्हा याच वाटेने चालत असतो.

आता या पुस्तकाची एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्याचा पहिला पाठ देवाबद्दल आहे आणि शेवटचा, दीडशेवा, अंतिम न्यायाबद्दल. मधलं सगळं जग या दोन पाठांच्या मध्ये बसवलं आहे. कावळा, कोकरू, सुतार आणि शाळा हे सगळं लेखकाच्या दृष्टीने देवाचं जग होतं. म्हणूनच ते मुलांना दाखवण्याजोगं होतं.

पुन्हा आग, आणि शेवटची वर्षं

हंगेरीहून ते लेश्नोला परतले आणि पुढच्याच वर्षी स्वीडनने पोलंडवर स्वारी केली. कोमेनिअस यांनी स्वीडिश राजाची स्तुती करणारं लिखाण प्रसिद्ध केलं. ज्या देशाने आसरा दिला त्यावर चालून आलेल्या राजाची ही स्तुती! तिथल्या लोकांना राग येणं साहजिक होतं. १६५६ च्या एप्रिलमध्ये पोलिश सैनिकांनी लेश्नो जाळलं. त्यात कोमेनिअस यांचं घर गेलं, ग्रंथ गेले, आणि चाळीसहून अधिक वर्षं शब्द-शब्द जमवून केलेल्या चेक-लॅटिन शब्दकोशाचं हस्तलिखितही गेलं. त्या वेळी ते चौसष्ट वर्षांचे होते.

अॅमस्टरडॅमच्या दे गेर घराण्याने त्यांना आसरा दिला. तिथे १६५७ मध्ये त्यांचं शिक्षणविषयक सगळं लेखन एकत्र छापलं गेलं. ग्रंथाचं नाव ऑपेरा डिडॅक्टिका ओम्निया. त्याच वर्षी त्यांनी दुसरंही एक पुस्तक छापलं, ज्याने त्यांची टिंगल झाली. काही लोकांनी केलेली भाकितं त्यांनी त्यात गोळा केली होती. सम्राटाचं राज्य कोसळेल, आपण घरी जाऊ, अशा अर्थाची ती भाकितं. ती खोटी ठरली. भाकितं सांगणाऱ्यांपैकी एकाला पुढे १६७१ मध्ये देहदंड झाला. इतक्या बुद्धिमान माणसाने यावर विश्वास का ठेवला? घराची ओढ माणसाला काय काय मानायला लावते, याचंच हे उदाहरण.

म्हातारपणीही लेखणी थांबली नाही. १६६७ मध्ये इंग्लंड आणि हॉलंड यांच्यात तहाची बोलणी चालू होती, तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना उद्देशून शांततेचं आवाहन लिहिलं. १५ नोव्हेंबर १६७० रोजी अॅमस्टरडॅममध्ये त्यांचं निधन झालं. जवळच्या नार्डेन गावातल्या छोट्या चर्चमध्ये त्यांना पुरलं. आजही त्यांची समाधी तिथे आहे.

आता नाण्याकडे या

चेकोस्लोव्हाकियात १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्ता आली. १९४९ च्या कायद्याने धर्मोपदेशकांचा पगार सरकारच्या हाती गेला आणि सरकारच्या संमतीशिवाय कोणालाही धर्मोपदेशकाचं काम करता येईना. १९५० च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत पोलीस मठांमध्ये शिरले. मग साधूंना मठांतून हलवून ठरावीक ठिकाणी कोंडून ठेवलं गेलं. अनेक पाद्री तुरुंगात गेले.

याच सरकारने यान हुस ज्या बेथलहेम चॅपेलमध्ये प्रवचन द्यायचे, ते प्रागमध्ये नव्याने बांधून घेतलं आणि १९५४ मध्ये खुलं केलं. पुढे १९६५ मध्ये हुस यांच्या मृत्यूला साडेपाचशे वर्षं झाली म्हणून त्यांचंही चांदीचं नाणं काढलं. २८ मार्च, म्हणजे कोमेनिअस यांचा जन्मदिवस, हा शिक्षक दिन झाला. १९८८ च्या वीस कोरुनांच्या नोटेवरही कोमेनिअस आले.

शेजारच्या पूर्व जर्मनीतही असंच घडलं. १९८३ मध्ये मार्टिन ल्यूथर यांच्या पाचशेव्या जयंतीचं वीस मार्कांचं चांदीचं नाणं तिथे निघालं. जयंती समितीचे अध्यक्ष होते स्वतः कम्युनिस्ट नेते होनेकर.

असं का? कारण कोणत्याही सत्तेला लोकांच्या मनात मूळ धरायचं असेल तर लोकांना प्रिय असलेली माणसं आपलीशी करावी लागतात. चेक सत्ताधाऱ्यांचं म्हणणं होतं की आम्हीच या देशाच्या थोर परंपरेचे वारस. मग हुस यांची ओळख गरिबांच्या बाजूचे क्रांतिकारक अशी करून दिली गेली आणि कोमेनिअस यांची ओळख लोकशिक्षक अशी. या दोन्ही ओळखी खोट्या नव्हत्या. त्या अर्ध्या होत्या.

नाण्याचं निमित्त बघितलं की हे स्पष्ट होतं. १९५७ चं नाणं निघालं ते ऑपेरा डिडॅक्टिका ओम्निया या ग्रंथाला तीनशे वर्षं झाली म्हणून. पण १९५७ मध्ये आणखी एक वर्धापन होतं. १४५७ मध्ये स्थापन झालेल्या बंधुसंघाला त्याच वर्षी पाचशे वर्षं पूर्ण होत होती. ज्या संघासाठी कोमेनिअस यांनी सगळं सोसलं, ज्याचे ते बिशप होते, त्याचं पाचशेवं वर्ष. नाण्याने ग्रंथाचं निमित्त घेतलं आणि संघाचं सोडलं. आणि विचार करा, कोमेनिअस १९५७ मध्ये प्रागला परत आले असते, तर प्रवचन देण्याआधी त्यांना सरकारची परवानगी काढावी लागली असती!

तरी दुसरी बाजूही सांगायला हवी. कोमेनिअस यांचा सगळ्यात मोठा ग्रंथ, जग कसं सुधारावं याचा सात भागांचा विचार, त्यांच्या मृत्यूनंतर हरवला होता. त्याची हस्तलिखितं १९३० च्या दशकात जर्मनीतल्या हाले गावी सापडली. आणि तो पूर्ण ग्रंथ पहिल्यांदा छापला गेला तो १९६६ मध्ये, प्रागमध्ये, कम्युनिस्ट राजवटीतच. त्यात शिक्षण जन्मापासून मरणापर्यंत चालतं असं सांगितलं आहे. जगासाठी तीन संस्था असाव्यात असंही आहे. एक ज्ञानासाठी, एक शांततेसाठी आणि एक धर्मासाठी. म्हणजे नाण्याने जी अर्धी बाजू वगळली, ती त्याच देशातल्या अभ्यासकांनी पुस्तकात जपून ठेवली. नाण्यावर जागा थोडी असते आणि ती सरकारची असते. पुस्तकात माणूस पूर्ण मावतो.

आपल्या वर्गासाठी

हे सगळं आपल्याला कशाला? तर जयंती-पुण्यतिथीला आपणही हेच करत असतो. फळ्यावर एक फोटो, पाच ओळींचं भाषण, एक ठरलेलं विशेषण. थोर माणसाचा आपल्याला सोयीचा तेवढा भाग आपण उचलतो. संताची समाजसुधारणा घेतो आणि भक्ती सोडतो, किंवा भक्ती घेतो आणि त्यांनी समाजाला सुनावलेले बोल सोडतो. मुलांना अर्धा माणूस भेटतो. अर्ध्या माणसाला हार घालता येतो, पण त्याच्याकडून शिकता येत नाही. कोमेनिअस यांची सूत्रं पाठ करून आपण उत्तीर्ण झालो, पण सगळ्या मुलांना शिकवायचं ते का, हे त्यांचं उत्तर आपल्यापर्यंत पोचलंच नाही. ते त्या वगळलेल्या अर्ध्या भागात होतं.

सहावी ते आठवीच्या वर्गात एक छोटा उपक्रम घेऊन बघा. आपल्याकडे १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांचं एक रुपयाचं नाणं निघालं होतं. कोणाच्या घरी असेल तर मुलांना आणायला सांगा, नाहीतर चित्र दाखवा. मग तीन प्रश्न विचारा. नाण्यावर काय दिसतं? ज्ञानेश्वरांबद्दल तुम्हाला माहीत असलेलं काय नाण्यावर नाही? नाणं तुम्ही काढलं असतं तर कशाची आठवण ठेवली असती? तिसऱ्या प्रश्नाला चूक-बरोबर नाही. मुलांना बोलू द्या, तुम्ही फक्त ऐका.

जाता जाता एक गोष्ट. चेकोस्लोव्हाकियातली कम्युनिस्ट सत्ता १९८९ मध्ये गेली, पुढे देशाचेही दोन भाग झाले. कोमेनिअस मात्र राहिले. चेक प्रजासत्ताकाच्या दोनशे कोरुनांच्या नोटेवर आज तेच आहेत. नोट उलटली की मागे दोन हात दिसतात, एक मोठ्या माणसाचा आणि एक लहान मुलाचा. २८ मार्चला तिथे आजही शिक्षक दिन असतो. त्या दिवशी आपल्याही वर्गात, परिपाठाच्या वेळी, या निर्वासित गुरुजींची पूर्ण गोष्ट मुलांना सांगायला हरकत नाही.